ऊन लागतं म्हणजे अंगात नेमकं काय होतं

चार-पाच वर्षं झाली असतील, मे महिन्याचे शेवटचे दिवस, नवतपा, म्हणजे सगळ्यात तापणारे नऊ दिवस, सुरू होता आणि आमचे मोठे बाबा वावरात धसकटं वेचून राहिले होते. पाण्याच्या आधी वावर साफ करायची घाई सगळ्यांनाच असते. साडेअकराच्या सुमारास ते धुऱ्यावरच्या निंबाखाली येऊन बसले आणि मोठ्या आईला म्हणाले, "बैलाईले पाणी पाजलं का?" आमच्याकडे बैल नाहीत, जोडी विकून तेव्हाच सहा वर्षं झाली होती. मोठी आई म्हणाली अहो काय बोलून राहिले, तर ते चिडले, उठायला गेले आणि झोक जाऊन खाली बसले. अंग असं तापलेलं की हात लावल्यावर आपणच दचकावं, पण सदरा घामानं ओलाचिंब. बाजूच्या वावरातले दोघं-तिघं धावत आले, त्यातला एक म्हणाला, "घाम येऊन राह्यला न, मंग ऊन नाही लागलं, थकवा हाय फक्त." या एका वाक्यापायी आमचा अर्धा तास गेला. कोणी तळपायाला कांदा चोळला, कोणी तोंडात साखरपाणी घालायला गेलं, कोणी गाडी शोधत फिरलं. शेवटी गावातल्या आशाताईला, म्हणजे आशा कार्यकर्तीला, फोन लागला, ती फोनवरच ओरडली की गाडी येईल तेव्हा येईल, आधी कपडे सैल करा आणि विहिरीचं पाणी ओता, ओततच राहा. लाईन होती म्हणून मोटर सुरू झाली. मोठे बाबा वाचले, चार दिवस दवाखान्यात होते, पण त्यांना आता पहिल्यासारखं ऊन सोसत नाही.

तेव्हापासून मी या गोष्टीबद्दल मिळेल ते वाचत गेलो, डॉक्टरांना, आशाताईला विचारत गेलो, आणि मला सगळ्यात जास्त वाईट याचं वाटलं की यात कठीण असं काहीच नाही, फक्त आपल्याला कोणी नीट सांगितलेलं नसतं. म्हणून हे लिहून राहिलो.

घरातला माठ डोळ्यासमोर आणा. बाहेर ४५ अंश तापलं तरी माठातलं पाणी गार कसं राहतं? माठ पाझरतो, ते पाणी बाहेरच्या अंगाला येतं, हवेनं वाळतं आणि वाळताना माठातली गरमी घेऊन जातं. तेच पाणी स्टीलच्या गुंडात भरून ठेवा, गरमच होणार, कारण गुंड पाझरत नाही. आपलं शरीर म्हणजे माठच आहे. आतलं तापमान ३७ अंशाच्या आसपास ठेवायचं असतं आणि त्यासाठी घाम येतो. नुसता घाम येऊन उपयोग नाही, तो अंगावरच वाळला पाहिजे. एक लिटर घाम वाळला तर जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, म्हणजे एका वेळच्या पोटभर जेवणातून मिळते तेवढी. पण जो घाम कपाळावरून टपटप खाली मातीत पडतो तो काही घेऊन जात नाही, पाणी आणि मीठ मात्र गेलंच.

आता गरमी येते कुठून ते पाहा. एक तर बाहेरून, ते सगळ्यांना माहीत आहे. दुसरी आतून, तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. आपण कुदळ मारतो, पोतं उचलतो, तेव्हा खाल्लेल्या अन्नाची बरीचशी ताकद कामात जातच नाही, चारातले जवळपास तीन भाग उष्णता होऊन अंगातच उरतात, ट्रॅक्टरचं इंजिन तापतं तसंच. म्हणून झाडाखाली बसलेला माणूस आणि त्याच झाडाखाली लाकडं फोडणारा माणूस यांचं ऊन सारखं नसतं. आपल्या कातडीचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा ३० अंश असली तर अंगातली गरमी आपोआप हवेत जाते. हवा ४४ झाली की उलटं होतं, हवाच आपल्याला तापवते, मग सुटका करणारा एकच रस्ता उरतो, घाम वाळणं. विदर्भात एप्रिल-मे म्हणजे दोन महिने आपण या एकाच रस्त्यावर जगतो, आणि हा रस्ता बंद पडला की जे होतं त्याला आपण ऊन लागणं म्हणतो.

रस्ता बंद कसा पडतो? एक तर पाझरायला पाणीच उरलं नाही, म्हणजे प्यायलं नाही. दुसरं, माठाची छिद्रं बुजली. आपल्याकडे क्षारामुळे जुना माठ थंड करत नाही म्हणून दर उन्हाळ्यात नवा घेतो न, तसं म्हाताऱ्या माणसाला घाम कमी येतो आणि तहानही कमी कळते, आजी म्हणते मला नाही बा तहान लागली, ती खोटं नाही बोलत, तिला खरंच कळत नाही. काही गोळ्यांनीही घाम कमी होतो, मानसिक आजाराच्या काही औषधांनी तर नक्की, आणि बीपीसाठी लघवी जास्त व्हायची गोळी असते तिच्यामुळे अंगातलं पाणी कमी होतं. गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत पण उन्हाळा लागायच्या आधी डॉक्टरांना एकदा विचारून घ्यायचं. तिसरं कारण म्हणजे माठावर प्लास्टिक गुंडाळलं. वावरात आपल्या बाया लुगड्यावर घरच्या माणसाचा फुल बाह्यांचा जुना शर्ट घालतात आणि डोक्याला दुपट्टा बांधतात, ही फार चांगली रीत आहे, फक्त तो शर्ट सुती असला पाहिजे, टेरिकॉट-पॉलिस्टरचा असला तर आत घाम साचतो, वाळत नाही.

आणि चौथं कारण हवेतली ओल. यात आपण दरवर्षी फसतो. मेमध्ये ४५ असतं तेव्हा हवा कोरडी ठणठणीत, घाम आला की वाळतो, इतका पटकन की कळतही नाही आणि म्हणून पाणी प्यायची आठवण राहत नाही. जून लागला, ढग येऊन राहिले, पारा ४० वर आला, आपल्याला वाटतं चला उतरलं एकदाचं, आणि त्याच दिवसांत सरकी लावायची, खत टाकायची घाई. पण हवा गदमदलेली असते, घाम वाळत नाही, अंग चिपचिप करतं. आकडा कमी आणि धोका कमी नाही. भंडारा-गोंदियाकडं तर मामा (माजी मालगुजारी) तलावांचा, धानाच्या बांध्यांचा भाग, उन्हाळी धान उभं असतं तिथं ही ओल आणखी जाणवते.

आकड्यांवरून अजून एक सांगतो. टीव्हीवर ४५ सांगतात ते सावलीतलं असतं. हवामान खात्याचा थर्मामीटर जमिनीपासून वर, पांढऱ्या रंगाच्या झडपांच्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो म्हणजे थेट ऊन लागू नये. तुम्ही काळ्या मातीच्या वावरात, वरून ऊन खालून झळ, तिथं त्या आकड्यापेक्षा जास्तच सोसता. सपाट भागात पारा ४० च्या वर आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त गेला किंवा सरळ ४५ झाला तर खातं उष्णतेची लाट धरतं, ४७ झाला तर तीव्र लाट. नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ झालं होतं, हे खरं. पण २०२४ च्या मे अखेरीस नागपूर ५६ अंश म्हणून जे मोबाईलवर फिरलं ते खरं नव्हतं, एका ऑटोमॅटिक केंद्राचा सेन्सर बिघडला होता, खात्यानंच सांगितलं. अशानं लोकांना वाटतं ५६ मध्ये जगलो तर ४६ काय चीज आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

कूलर म्हणजेही मोठा माठच. ताट्यांवर पाणी पडतं, हवा त्यातून ओढली जाते, पाणी वाळतं, हवा थंड होते. म्हणून मेमध्ये कूलर गारठा आणतो आणि जूनमध्ये तोच कूलर नुसती दमट हवा फेकतो, कूलर बिघडलेला नसतो. आणि त्याला खिडकी उघडी लागते. कित्येक घरांत गारवा बाहेर जाईल म्हणून दारं-खिडक्या गच्च बंद करतात, मग तीच ओली हवा आतल्या आत फिरते आणि सगळ्यांचा जीव घाबरतो. समोरची एक खिडकी बोटभर तरी उघडी ठेवा. ज्यांच्याकडे फक्त पंखा आहे त्यांनी हे लक्षात ठेवा की हवा ४० च्या वर गेली की कोरड्या अंगावर पंखा म्हणजे चुलीची झळ अंगावर घेणं, ओला दुपट्टा अंगावर घेऊन पंख्याखाली बसा, तेव्हा तो कामाचा.

कूलरचं एक आणखी, आणि हे मी हात जोडून सांगतो. आपल्या भागात दर उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून माणसं जातात, त्यात लहान लेकरं आणि घरातल्या बाया जास्त, कारण पाणी भरायचं काम त्यांच्याच वाट्याला. लोखंडी पेटी, ओली फरशी, अनवाणी पाय, आणि अर्थिंग नाही. पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, पिन बोर्डातून काढायची, पायात चप्पल, आणि एकदा वायरमन बोलावून अर्थिंग बघून घ्यायचं. शंभर-दोनशे रुपयांसाठी हे पुढं ढकलू नका.

उन्हानं माणूस मरतो म्हणजे फक्त उष्माघातानंच मरतो असं नाही. अंग थंड करायला हृदय जास्त रक्त कातडीकडे ढकलतं, म्हणून चेहरा लाल होतो. त्यात घामानं पाणी गेलेलं, रक्त घट्ट झालेलं, मग हृदयाला तेच काम दुप्पट मेहनतीनं करावं लागतं. ज्याचं हृदय आधीच कमजोर त्याला अटॅक येतो, ज्याची किडनी कमजोर ती बसते, आणि घरी म्हणतात अटॅकनं गेला. उन्हाचं नाव कुठंच येत नाही. अहमदाबादमध्ये २०१० च्या मे महिन्यात मोठी लाट आली होती, नंतर अभ्यासकांनी नेहमीच्या मे महिन्याशी ताडून पाहिलं तेव्हा १,३४४ मृत्यू जास्तीचे निघाले. त्यानंतर त्या शहरानं २०१३ मध्ये उष्णतेशी लढायचा आराखडा केला, दक्षिण आशियातला तो पहिला. तर आपल्या गावात मेमध्ये एकदम दोन-तीन म्हातारे गेले तर तो योगायोगच असेल असं धरू नका.

मला सगळ्यात जास्त काळजी रात्रीची वाटते. दिवसभर तापलेलं अंग रात्री निवायला पाहिजे, हृदयाला आराम मिळायला पाहिजे. पूर्वी मातीच्या जाड भिंती, वर कवेलू, अंगणात बाजा टाकून झोपायचो, पहाटे चादर ओढावी लागायची. आता घरकुल झालं, स्लॅब आला, चांगलंच झालं, गळत नाही, साप-विंचवाची भीती कमी, पण स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री दोन वाजेपर्यंत आत सोडत राहतो. टिनाचं तर दिवसा बोलायलाच नको. त्यात लाईन गेली की झोप नाही, आणि न झोपलेला माणूस सकाळी पाचला पुन्हा वावरात. लाटेत तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणसं पडतात, त्याच्यामागं हे असतं. स्लॅबला मार्चमध्येच पांढरा चुना मारा, टिनावर तुराट्या किंवा पराटीचा थर टाकून घ्या पण चुलीची ठिणगी जाणार नाही एवढं बघा, संध्याकाळी भिंती-अंगण शिंपडा, जिथं जमेल तिथं बाहेर मच्छरदाणी लावून झोपा. झोपताना ओल्या फडक्यानं अंग पुसून घेतलं, पाय पाण्यात बुडवून बसलं तरी फार फरक पडतो.

आता पाणी. तहान लागायची वाट पाहू नका, तहान उशिरा कळते. उन्हात काम करताना दर १५-२० मिनिटांनी एक ग्लास, हा सोपा हिशोब. एकदम लोटाभर नको, आणि तासाला दीड लिटरच्या वर नको, कारण घामात मीठही जातं आणि नुसतं साधं पाणी भरमसाठ प्यायलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, तेही घातक. म्हणून मधून मधून मीठ घातलेलं ताक, ज्वारीची आंबील, कैरीचं पन्हं. आपल्या आज्यांनी हे शास्त्र शिकून नाही केलं पण बरोबर केलं. पाहुण्याला उन्हातून आल्यावर गूळ-पाणी द्यायचे, तेही तसंच. आंबील सकाळी पोटात घालून वावरात जाणारा माणूस आणि नुसत्या काळ्या चहावर जाणारा माणूस, दोघांचं दुपारपर्यंत काय होतं ते बघा. घरी जीवनजल, म्हणजे ओआरएस, करायचं असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाचा चमचा. मीठ जास्त टाकू नका, जास्त म्हणजे चांगलं असं यात नाही. मेडिकलमधून घ्यायचं तर पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेला बघा, चवीची गोड सरबतं तशीच दिसतात आणि ती हे काम करत नाहीत. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं खारट पाणी यासाठी वापरू नका, त्यात आधीच मीठ-क्षार असतात. बीपी, किडनीवाल्यांनी मिठाचं डॉक्टरांना विचारूनच.

बायांबद्दल वेगळं लिहायलाच पाहिजे. कित्येक बाया वावरात पाणीच पीत नाहीत, कारण लघवीला जायला आडोसा नाही, बाजूला माणसं असतात. दुपारपर्यंत कोरड्या राहतात. मग लघवीला जळजळ, इन्फेक्शन, डोकं दुखणं, आणि वर्षानुवर्षं असं केलं तर किडनीवर ताण. गरोदर बाईला तर ऊन फार वाईट, दिवस भरायच्या आधी बाळंत होण्याचा धोका वाढतो. ज्याच्या वावरात मजूर येतात त्यानं धुऱ्यावर चार काठ्या रोवून जुनं लुगडं नाहीतर हिरवी नेट बांधून आडोसा करून द्यावा. पन्नास रुपयांचंही काम नाही. लघवीचा रंग गर्द पिवळा किंवा चहासारखा दिसला तर पाणी कमी पडतंय, एवढं प्रत्येक बाईला माहीत असावं.

ज्यांना सवय आहे त्यांना काही होत नाही असं म्हणतात, त्यात अर्धं खरं आहे. रोज थोडं थोडं ऊन घेत गेलं तर एक-दोन आठवड्यांत शरीर शिकतं, घाम लवकर सुटतो, त्यात मीठ कमी जातं, रक्तातलं पाणी वाढतं. पण ही सवय काही आठवड्यांत उतरतेही. म्हणून पुण्याहून लग्नाला आलेला आपला पोरगा, सहा महिने एसीत बसलेला, पहिल्याच दिवशी वरातीत दोन तास नाचतो किंवा बापाला मदत म्हणून वावरात उतरतो, त्याला धोका जास्त. नव्या माणसाला पहिल्या दिवशी रोजच्या पाचव्या हिश्श्याएवढंच काम उन्हात द्यायचं आणि दर दिवशी तेवढंच वाढवायचं असा नियम आहे. तेंदूपत्ता जमा करायच्या फळीवर, रोजगार हमीच्या कामावर पहिल्यांदा येणाऱ्यालाही हेच लागू. आणि सवय असलेल्यानंही १२ ते ४ सावलीत थांबावं, माठ कितीही चांगला असला तरी चुलीवर ठेवला तर काय होईल.

ज्यांच्याकडे इन्सुलिन आहे आणि फ्रीज नाही, त्यांनी बाटली डब्यात घट्ट बंद करून तो डबा ओल्या माठात ठेवावा, टिनाखाली कपाटात ठेवलेलं इन्सुलिन खराब होतं आणि मग साखर का वाढली तेच कळत नाही.

मनाचंही सांगतो. उन्हाळ्यात झोप मोडते, माणूस चिडका होतो, घरात भांडणं होतात. आणि आपल्याकडे हेच दिवस बी-बियाण्याचे, पीककर्जाचे, पोरांच्या फीचे. बँकेच्या लाईनीत उन्हात उभं राहून परत यायचं आणि रात्री गरम स्लॅबखाली डोळे उघडे ठेवून त्याचाच विचार करायचा. आपल्या घरातला माणूस जेवेनासा झाला, बोलेनासा झाला तर त्याला एकटं सोडू नका, दारूनं झोप लागते असं वाटतं पण दारू अंगातलं पाणीच काढते आणि मन आणखी खचवते. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. फोन करायला वेड लागलेलंच असावं लागतं असं काही नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चक्कर, डोकेदुखी, मळमळ, पायाला गोळे, पण माणूस शुद्धीत आणि बरोबर बोलतोय, तर त्याला सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंग ओलं करा, मिठाचं ताक किंवा जीवनजल घोट घोट द्या, तासाभरात बरं वाटायला पाहिजे. नाही वाटलं तर दवाखाना. पण बोलणं असंबद्ध झालं, ओळख पटेना, उगाच चिडतोय, झोकांड्या जातोय, झटका आला किंवा बेशुद्ध झाला तर तो उष्माघात, आतलं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं आणि मेंदूला त्रास सुरू झालेला असतो. घाम असो की नसो. बसल्या जागी ऊन लागलेल्या म्हाताऱ्याचं अंग कोरडं पडू शकतं, पण काम करता करता ज्याला लागलं त्याला घाम असतोच बहुतेक. मोठ्या बाबांच्या वेळी आम्ही इथंच चुकलो.

१०८ ला फोन लावा, पण गाडीची वाट पाहत बसू नका. पाणी ओता, वारा घाला, ओले फडके मानेला, काखेत, जांघेत, बर्फ मिळाला तर तिथंच. पहिला अर्धा तास हाच खरा इलाज आहे. गाडीत टाकल्यावरही रस्त्यानं ओलं करत राहा. बेशुद्ध किंवा भ्रमात असलेल्याच्या तोंडात काही घालू नका, श्वासनळीत जातं. तापाची गोळी इथं चालत नाही, कारण हा तापच नाही, त्या गोळीचं काम वेगळं आहे. आणि पाणी मारायला फवारणीचा पंप कोणी आणू नका, त्यात औषधाचा अंश असतो. कांदा खायला चांगला, खिशात ठेवल्यानं नुकसान नाही, पण तळपाय चोळण्यात मिनिटं घालवू नका.

मोठे बाबा आता पहाटे पाचला वावरात जातात आणि साडेनऊला घरी. मजूर असले की मात्र थांबतात. निंबाखाली दोन माठ ठेवलेत, पाण्याची सुट्टी झाली की स्वतः ग्लास भरून देतात आणि देताना प्रत्येकाला विचारतात, "आज वार कोणता, बाई?" पहिल्या वर्षी बाया हसायच्या. आता ग्लास हातात घ्यायच्या आधीच वार सांगतात.